आमचा तालुका डॉक्टर-टंचाईग्रस्त जाहीर करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आमचे प्राथमिक आरोग्य केंद्र दुर्गम क्षेत्राच्या यादीतून वगळल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी एकतीस वर्षे उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. सरकारला कागद पाठवण्याची मला सवय आहे, परंतु ते सगळे विहित नमुन्यातले अहवाल होते आणि त्यांत माझे म्हणणे लिहायला रकाना नसे. स्वतःच्या शब्दांत लिहिलेले हे माझे पहिलेच पत्र आहे. त्यात अधिक-उणे झाल्यास क्षमा असावी.

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक पत्र लागले. आमचे प्राथमिक आरोग्य केंद्र आता पक्क्या रस्त्याने तालुक्याशी जोडले गेले असल्यामुळे ते यापुढे दुर्गम क्षेत्रात गणले जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. गावातल्या बहुतेकांनी ते वाचले आणि ते पुढे गेले, कारण या एका ओळीने काय जाते हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. दुर्गम भागात काम करणाऱ्या सरकारी डॉक्टरला पदव्युत्तर प्रवेशासाठी प्रोत्साहन गुण मिळावेत, वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त तीस टक्के, ही तरतूद २००० सालच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांच्या आधाराने आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ती उचलून धरली आणि २०२० साली घटनापीठाने सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकारही मान्य केला. एखादा तरुण डॉक्टर आमच्यासारख्या ठिकाणी तीन वर्षे काढायला तयार होतो तो पुष्कळदा त्या गुणांकडे आणि त्या जागेकडे पाहून, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. यादीतून नाव गेले की ते कारण संपते. आमच्याकडच्या डॉक्टरांनी पत्र लागल्याच्या चौथ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. त्यांना मी दोष देत नाही.

दोष कुठे द्यायचा हे सांगण्यापूर्वी मला गेल्या श्रावणातली एक रात्र आपल्यापुढे मांडावी लागेल.

माझी सून दुसऱ्या खेपेची. वय चोवीस. पहिली बाळंतपणे घरी झालेल्या जावा-नणंदांमध्ये तीच एकटी अशी, जी दोन्ही वेळा दिवस राहिल्यापासून दवाखान्यात नाव नोंदवून, लोहाच्या गोळ्या न चुकता खाऊन, सगळ्या तपासण्या करून घेणारी. संध्याकाळी सातला कळा सुरू झाल्या, नऊला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलो. केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे आहेत. त्यांपैकी एक दोन वर्षांपासून रिकामे होते आणि दुसऱ्या पदावरच्या डॉक्टरांकडे शेजारच्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार असल्याने ते तिकडे होते. ड्यूटीवर कंत्राटी स्टाफ नर्स होती, सव्वीस वर्षांची, हुशार आणि धीराची मुलगी. अकरा वाजून दहा मिनिटांनी बाळ झाले, रडले, वार पडली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहून श्वास सोडला. मग चादर भिजू लागली.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव किती झपाट्याने माणूस नेतो हे मी शिकलेही आहे आणि इतर बायांना शिकवलेही आहे. नर्सने ऑक्सिटोसिन दिले, मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या, म्हणजे डॉक्टरविना जेवढे करता येते तेवढे सगळे केले. गर्भाशय मात्र आकसेना. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला सोडून पन्नास मिनिटांनी आली. त्या पन्नास मिनिटांत आणि पुढच्या प्रवासात मी तिच्या पोटावर हाताने गर्भाशय चोळत राहिले. हात काढला की ते कणकेच्या गोळ्यासारखे सैल पडे, चोळले की चेंडूसारखे घट्ट होई. माझा उजवा हात दुखून बधिर झाला तेव्हा डावा लावला. सून मला विचारत होती, "आई, बाळाला कुणी घेतलंय का?" आणि थोड्या वेळाने तिने विचारणे थांबवले.

ग्रामीण रुग्णालय बावीस किलोमीटरवर आहे. तीस खाटांचे, रंगवलेले, आवारात बाग असलेले. दाराजवळच्या फळ्यावर स्त्रीरोगतज्ज्ञाचे नाव पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले आहे. त्या रात्री आम्हांला सांगण्यात आले की, मॅडम सहा महिन्यांपासून जिल्ह्याला प्रतिनियुक्तीवर आहेत, भूलतज्ज्ञाचे पद इथे मंजूरच नाही आणि रक्तसाठवण केंद्राचा फ्रिज दुरुस्तीला गेला आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आणखी एक बाटली लावली आणि रेफर चिठ्ठी लिहिली. जिल्हा रुग्णालय तिथून पुढे त्र्याऐंशी किलोमीटर. पहाटे साडेतीनला तिला शस्त्रक्रियेसाठी आत घेतले. पाच पिशव्या रक्त चढवले, गर्भाशय काढले, आणि ती वाचली. ज्यांनी वाचवली त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ज्या नव्या रस्त्याचे कारण देऊन आमचे नाव यादीतून काढले, त्याच रस्त्यावरून रुग्णवाहिका वेगाने गेली म्हणून ती पोहोचली, हेही मी मान्य करते. रस्त्याशी माझे भांडण नाही. परंतु त्या रात्री माझ्या सुनेला जो तोटा झाला तो रस्त्याच्या अभावाने झालेला नव्हता. बावीस किलोमीटरवर एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ आणि दोन पिशव्या रक्त असते, तर चोवीस वर्षांच्या मुलीचे गर्भाशय राहिले असते.

तिचे टाके भरून आल्यावर मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. उत्तर आले. ते आणि त्या रात्रीची रेफर चिठ्ठी मी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. चिठ्ठीवर पाठवण्याचे कारण म्हणून डॉक्टरांच्या हस्ताक्षरात लिहिले आहे : "स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध नाहीत." माहितीच्या उत्तरात, त्याच रुग्णालयापुढे आणि त्याच महिन्यासाठी, टंकलिखित आहे : "स्त्रीरोगतज्ज्ञ : मंजूर पदे १, भरलेली पदे १, रिक्त पदे ०." महोदय, दोन्ही कागद सरकारचेच आहेत आणि दोन्हींवर शिक्के आहेत. कोणता कागद वाचून आमचा तालुका सुगम ठरला, एवढेच मी विचारते आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्याकडे मोठे आरोग्य शिबिर झाले, तेव्हा जिल्ह्याहून आलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना मी हे दोन्ही कागद दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, चष्मा काढला आणि सर्वांसमक्ष सांगितले की यादीचा फेरविचार करताना आमच्या केंद्राची श्रेणी वाढवू, आणि मार्चअखेर तज्ज्ञ परत आणू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फेरविचार झाला तो फळ्यावरच्या पत्रात दिसतो आहे.

आता माझे मुख्य म्हणणे. पाऊस पडला नाही तर आपल्या राज्यात पिकांची पैसेवारी काढतात, शेतात जाऊन पीक कापून पाहतात, आणि ती पन्नास पैशांखाली, म्हणजे नेहमीच्या उत्पन्नाच्या निम्म्याखाली, गेली तर त्या गावाला सवलती मिळतात. प्यायला पाणी नसेल तर ग्रामपंचायत टँकर मागते, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणीला येतात आणि विहिरीत डोकावून पाहतात. गावाला डांबरी सडक आहे म्हणून तुमची विहीर भरलेली धरतो, असे आजवर कोणत्याही तहसीलदाराने म्हटलेले मी ऐकले नाही. पाण्याची टंचाई पाण्यावरून ठरते. मग डॉक्टरांची टंचाई रस्त्यावरून, जंगलावरून, डोंगराच्या उंचीवरून आणि मोबाईलच्या रेंजवरून का ठरते? शिक्षकांच्या बदल्यांसाठी अवघड क्षेत्र ठरवताना पाऊस किती पडतो आणि महामार्ग किती लांब आहे हे पाहतात, ते मी समजू शकते, कारण तिथे जाणाऱ्या शिक्षकाचे कष्ट मोजायचे असतात. दवाखान्याची यादी करताना मोजायची असते ती तिथे येणाऱ्या रुग्णाची उणीव. आपल्या व्यवस्थेत ही दोन मापे एकच समजली जातात, आणि माझ्या मते सगळ्या चुकीचे मूळ तिथे आहे. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या डोंगरांत काम करणाऱ्यांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांच्या वाट्याचे मला काहीही नको. परंतु डोंगर नसलेल्या, नक्षलवादी नसलेल्या, साध्या कोरडवाहू तालुक्यातही दवाखान्याची खुर्ची रिकामी असू शकते, आणि तिथल्या बाईलाही तितकेच रक्त जाते.

उलट पक्क्या रस्त्याने आमच्याकडे एक नवीनच अडचण केली आहे. पूर्वी डॉक्टर केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहत, कारण येणे-जाणे शक्यच नव्हते. रस्ता झाल्यापासून ते तालुक्याच्या गावाहून अप-डाऊन करतात. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, राहत असल्याचा ठरावही ग्रामसभेकडून घेतला जातो, आणि दुपारी चारनंतर क्वार्टरच्या दाराला कुलूप असते. त्यांनाही शाळेत जाणारी मुले आहेत आणि क्वार्टरचे छत पावसाळ्यात तीन ठिकाणी गळते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून त्यांच्यावर कारवाई करा असे मी म्हणत नाही. परंतु रात्री अकरा वाजता आमच्या गावाला डॉक्टर नाही, ही वस्तुस्थिती कोणत्या यादीत नोंदली जाते?

आकड्यांचे म्हणाल तर ते आपल्याकडे भरपूर आहेत. २०२३ साली संसदेत सांगण्यात आले की देशात ८३४ लोकांमागे एक डॉक्टर आहे, म्हणजे हजारामागे एक या प्रमाणाहूनही आपली स्थिती चांगली. त्या हिशोबात नोंदणी झालेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ऐंशी टक्के हजर धरले आहेत आणि सुमारे ५ लाख ६५ हजार आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींचे, डॉक्टर मिळवले आहेत. तो डॉक्टर कुठे राहतो हे त्या भागाकारात येत नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपण ज्यांना ग्रामीण रुग्णालये म्हणतो त्यांत, तज्ज्ञांची तूट ७९.५ टक्के दाखवली आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ आणि बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के. चार तज्ज्ञ हवेत तिथे एकही पुरा नाही. आणि ही तूट जी कागदावर दिसते ती. आमच्या रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर गेलेल्या मॅडम भरलेल्या पदात मोजल्या जातात, आणि भूलतज्ज्ञाचे पदच मंजूर नसल्यामुळे ते रिक्तही दिसत नाही. जे कधी द्यायचे ठरवलेच नाही त्याची उणीव कशी मोजणार? सिझेरियनसाठी हे दोघेही एकाच वेळी लागतात. एकाला पाठवून दुसऱ्याला न पाठवणे म्हणजे बैलगाडीला एकच बैल जुंपणे होय.

लोकसंख्येचेही तसेच आहे. सपाट भागात ३०,००० लोकांमागे आणि आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष मी नोकरीला लागले तेव्हापासून पाठ आहे. तो लावायचा तर लोक किती ते ठाऊक हवे, आणि आपण अजून २०११ च्या जनगणनेवर चालतो आहोत. आमच्या केंद्राच्या हद्दीत गेल्या पंधरा वर्षांत दोन नव्या वसाहती झाल्या, हंगामात ऊसतोड कामगारांचे तळ पडतात, आणि त्या बायांची बाळंतपणे आमच्याच टेबलावर होतात. त्यांची नावे आमच्या लोकसंख्येत नाहीत. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने लगेच करण्याजोगी म्हणून जी योजना सुचवली, तिच्यात ४०,००० लोकांमागे एक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर होते. देश तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. इतक्या वर्षांनी आम्ही त्याच दोन डॉक्टरांची वाट पाहत आहोत.

मला सांगण्यात येते की सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्या प्रत्येकाला एक वर्षाची बंधपत्रित सेवा सक्तीची आहे. आहे. आणि ती न करणाऱ्याने दहा लाख रुपये भरले की सुटका, अशी वाट वर्षानुवर्षे होती. ज्याच्या घरी दहा लाख असत तो भरून मोकळा होई आणि ज्याच्या घरी नसत तो आमच्याकडे येई, वर्षभर एकटा राबे, वरिष्ठ कुणी शिकवायला नसे, कठीण रुग्ण आला की हात थरथरत, आणि वर्ष संपताच जाई. बारा महिन्यांत तो आमच्या वाड्या ओळखू लागे तोच त्याची पिशवी भरलेली असे. गरीब घरच्या डॉक्टरने गरिबांची सेवा करायची आणि इतरांनी पैसे भरायचे, हा न्याय कोणत्या शाळेत शिकवतात, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावे.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही डॉक्टरांच्या तुटवड्याचे भाग सरकार जाहीर करते, हे माझ्या भाचीने मला दाखवले. तिथे डोंगर किती उंच आहे हे मुख्य नाही. ३,५०० लोकांमागे एक प्राथमिक डॉक्टरही नसेल तर तो भाग तुटवड्याचा धरतात, गरिबी किती आणि दुसरा डॉक्टर किती लांब हे पाहून त्याला शून्य ते पंचवीस असे गुण देतात, आणि शिक्षणाचे कर्ज फेडून देण्याच्या बदल्यात तिथे डॉक्टर पाठवतात. त्यांचे सगळेच चांगले आहे असे मी म्हणत नाही. परंतु डॉक्टर आहे की नाही हे पाहून डॉक्टर-टंचाई ठरवावी, एवढी साधी गोष्ट करता येते, हे त्यावरून कळते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र खरे होणार नाही. दर महिन्याच्या अहवालात "वैद्यकीय अधिकारी : कार्यरत" असे मीही वर्षानुवर्षे लिहिले आहे. डॉक्टर त्या महिन्यात अकराच दिवस आलेले असत, तरी मी तसेच लिहिले, कारण नमुन्यात "कार्यरत" आणि "रिक्त" असे दोनच पर्याय होते आणि रिक्त लिहिले तर वरून फोन येत असे. माझ्यासारख्या हजारो बायांनी भरलेल्या त्या रकान्यांची बेरीज होऊन आपल्या टेबलावर जो तक्ता येतो, त्यात माझी सून त्या रात्री डॉक्टरच्या देखरेखीखाली होती. मी तो तक्ता भरायला मदत केली, आणि त्याचा जाब मला माझ्या घरातच मिळाला. म्हणून आता बोलते आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. यादी करताना प्रत्येक केंद्रात मागच्या बारा महिन्यांत डॉक्टर प्रत्यक्ष किती दिवस आणि किती रात्री हजर होते हे पाहा, आणि त्यावरून टंचाई ठरवा. पगार इथे आणि काम जिल्ह्याला, अशी पदे भरलेली धरू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची पदे जोडीने मंजूर करा आणि जोडीने भरा. दुर्गम भागाचा लाभ ठरवाल तेव्हा त्या रात्री एकटीने सगळे केलेल्या कंत्राटी नर्सलाही त्यात घ्या. तिचा करार दर वर्षी संपतो आणि तिला गुणही मिळत नाहीत आणि जागाही राखीव नाही. वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे, तेव्हा मी काही दयेचा अर्ज करत नाही.

तोवर आमच्या केंद्राचे नाव यादीतून काढणारे पत्र स्थगित करून पाहणीसाठी कुणाला तरी पाठवावे. रेफर चिठ्ठी आणि माहितीचे उत्तर यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, मूळ कागद माझ्याकडे आहेत. जे कोणी येतील त्यांनी कृपया सोमवारी येऊ नये, कारण सोमवारी बाजार असतो आणि डॉक्टर असतात. गुरुवारी यावे, दुपारी चारनंतर, आणि आदल्या दिवशी फोन करू नये.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका